शकुबाईची वेगळी चूल

माझ्या नवऱ्याचं नाव मधुकरराव. नाव घ्यायला मला उखाणा लागत नाही. माणूस कामाचा आहे, दारू-तंबाखू नाही, शेतातल्या धानाच्या बांध्या अशा राखतात की लोक गाडी थांबवून बघतात. खोड एकच. समोरचा माणूस जे बोलतो ते सोडून बाकी सगळं त्यांना ऐकू येतं. दूधवाला म्हणाला, आज दूध चांगलं आहे, की ह्यांच्या मनात येतं, म्हणजे काल काय होतं? डॉक्टरने हसून गोळ्या दिल्या तरी संशय, न हसता दिल्या तरी संशय. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी सिहोऱ्याहून, म्हणजे माहेराहून, ठरल्यापेक्षा एक दिवस आधी परत आले. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. हे मात्र "काहून आली लवकर?" असं विचारून आठवडाभर माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

असल्या माणसाच्या दारात एक अनोळखी पोरगी मोबाईल घेऊन उभी राहिली, तर पुढे काय होणार होतं हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तिचं नाव मनाली. भंडाऱ्याला कॉलेजात शिकणारी. उन्हाळा संपत आला होता, डोक्याला ओढणी गुंडाळून ती आमच्या गावात आली. आमचं गाव करडीच्या पुढे, नदीच्या अंगाला. पुराच्या वेळी मदत करणारी एक संस्था आहे, तिच्याकडून अशी पोरं गावोगाव फिरत होती. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तिने सगळ्यांना जमवलं आणि मोबाईलवर आमचंच गाव दाखवलं. आकाशातून काढलेला फोटो. तलाव, तलावाची पाळ, देऊळ, शाळा, अगदी आमच्या अंगणातला बैलांच्या तणसाचा ढीगसुद्धा.

"हा फोटो कोणी काढला?" ह्यांनी विचारलं.

"उपग्रहानं, काकाजी."

"कोणाले विचारून?"

पोरगी हसली. हसली म्हणजे उत्तर टाळलं, असं ह्यांनी मनात लिहून ठेवलं.

तिचं म्हणणं साधं होतं. इंटरनेटवरच्या नकाशात आमच्या गावाचं नुसतं नाव होतं आणि एक रस्ता. बाकी पांढरं. पूर आला की बोटी बाहेरून येतात, त्यांना कुठली गल्ली कुठे निघते हे माहीत नसतं, अर्धा दिवस विचारण्यात जातो. म्हणून घरं, गल्ल्या, पूल, उंच जागा, सगळं आपणच नकाशावर काढायचं. "हा नकाशा खुला आहे," ती म्हणाली. "कोणीही पाहू शकतो. चुकलं असेल तर कोणीही दुरुस्त करू शकतो. एक पैसा लागत नाही. पण कोणत्या घरात म्हातारं माणूस आहे, कोण अंथरुणावर आहे, कोण बाळंतीण आहे, हे नकाशावर कोणाला दिसणार नाही. ते फक्त बचावाच्या बोटीवरच्या यादीत राहील. बोट आधी त्यांच्याकडे जाईल."

बायकांना ते पटलं. मलाही पटलं, जरी एवढं गोड बोलणाऱ्या माणसापासून मी थोडी दूरच बसते. घरी येताना मात्र ह्यांचं सुरू झालं.

"पाह्यलं? नकाशा खुला अन् माणसं लपवून. अन् फुकट. फुकट कोणी उन्हात फिरते का?"

"पोरगी आहे जी. कॉलेजचं काम असंल."

"तुले नाई समजत. हा सर्वे आहे. धरणाचं पाणी वर येऊन राह्यलं. गाव उठवाचं आहे, अन् आधी गुपचूप मोजून घ्याचं आहे."

इथे मला ह्यांची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. ह्यांच्या मामाचं गाव धरणात गेलं. तेव्हाही अशीच माणसं आली होती, गोड बोलून घरं मोजून गेली. पुनर्वसनात प्रत्येक कुटुंबाला एक प्लॉट होता, आणि कुटुंब म्हणजे काय, तर वेगळी चूल. ज्यांनी गोठ्यात चूल मांडली, पडवीत चूल मांडली, म्हाताऱ्या आईबापांना आठ दिवस वेगळं जेवू घातलं, त्यांना दोन-दोन प्लॉट मिळाले. मामाने छातीवर हात ठेवून खरं सांगितलं, आमची एकच चूल आहे. आजही त्या घरातले तीन भाऊ एका प्लॉटवर भांडत राहतात, आणि मामा गेला तेव्हा तिरडी ठेवायला अंगण पुरलं नाही. ते ह्यांनी स्वतः बघितलं होतं. त्यामुळे संशय हा ह्यांचा नुसता स्वभाव नव्हता, त्याला घरचा अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी हे नदीकडच्या शेतात गेले. तिथे आमचा टिनाचा गोठा आहे. उन्हाळ्यात बैलही तिथे नसतात. ह्यांनी तो झाडून घेतला, एका कोपऱ्यात खाट टाकली, दोरीवर सासूबाईंचं लुगडं वाळत घातलं आणि चूल मांडली.

चूल मांडायला आधी मलाच सांगितलं होतं. मी म्हटलं, मी खोट्या घराची चूल लिंपणार नाही, मला पाप लागेल. मग स्वतःच बसले मातीत. चूल वाकडी झाली, पण झाली. नंतर त्यांच्या लक्षात आलं की ती फार कोरी दिसते. म्हणून अख्खी दुपार तणस आणि तुरीच्या तुऱ्हाट्या जाळून तिला काळं केलं. संध्याकाळी घरी आले तेव्हा चुलीपेक्षा हेच काळे दिसत होते. मी हसले, तर दोन दिवस बोलले नाहीत.

सासूबाई म्हणजे शकुबाई. डोळ्यांना कमी दिसतं, गुडघे गेलेले, पण कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. आमचं फार प्रेमाचं आहे असं नाही. माझ्या भाजीत मीठ कमी असतं हे त्या शेजारच्या ललिताबाईला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात. पण लेक म्हणेल ते त्यांच्यासाठी वेदवाक्य. ह्यांनी त्यांना समोर बसवून पाठ करून घेतलं.

"माय, कोणी इचारलं तर काय सांगशील?"

"मी नदीवर रायते."

"कोणासंग?"

"एकलीच रायते. माई चूल येगळी."

"अन् गावातल्या घरी?"

"तिथं नाई रायत मी."

मनाली घरोघर फिरत आमच्याकडे येणार त्या दिवशी हे सासूबाईंना बैलगाडीत घालून गोठ्यावर घेऊन गेले. मीही गेले. पोरगी घामाघूम होऊन आली, गोठ्याच्या चारी बाजूंनी फिरली, मोबाईलवर बोटाने टिचकी मारली. "वरून पाहिलं तर घर अन् गोठा सारखेच दिसतात," ती म्हणाली. "म्हणून प्रत्यक्ष यावं लागते." मग तिने सासूबाईंना विचारलं. त्यांनी एका दमात सगळं म्हणून दाखवलं, शाळेतल्या कवितेसारखं.

पोरगी चुलीकडे बघत राहिली. चुलीपाशी ना लाकडं होती, ना राख. राख ह्यांनी झाडून टाकली होती, स्वच्छ दिसावं म्हणून. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा केला. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं.

"आजी, तुम्ही इतक्या खाली एकट्या राहता," ती म्हणाली, "पाणी आलं तर सगळ्यात आधी बोट तुमच्याकडेच पाठवतील, बरं का. मी तशी खूण केली आहे."

तिने ह्यांचा नंबर घेतला, स्वतःचा दिला आणि गेली. सासूबाईंना आम्ही संध्याकाळी घरी आणलं. वाटेत ह्यांनी त्यांना शेवटची ताकीद दिली. "माय, आता गावातल्या घरी कोणी मोबाईलवाला आला, नाव घेऊन बोलावलं, तरी आवाज देजो नोको. ते पाह्याले येतीन, तू खरंच नदीवर रायतेस का म्हणून. तू घरी दिसली की संपलं."

"नाई देत," सासूबाई म्हणाल्या.

आणि खरंच दिला नाही. आखाडात मनाली पुन्हा एकदा गावात आली होती, काही घरांच्या खुणा तपासायला. आमच्या दारावर थाप मारली तेव्हा मी विहिरीवर होते. सासूबाई आत खाटेवर बसून होत्या आणि त्यांनी श्वाससुद्धा मोठा घेतला नाही, असं त्यांनीच मला नंतर मिटक्या मारत सांगितलं. हे ऐकून ह्यांना इतका आनंद झाला की त्या दिवशी त्यांनी आईला करडीच्या हॉटेलातून जिलबी आणून दिली.

तो नकाशा मात्र ह्यांना हवा तेव्हा चालायचा. आकाशातल्या फोटोत ललिताबाईची मोरी आमच्या हद्दीत हातभर आलेली दिसते, असं ह्यांनी शोधून काढलं आणि तिच्या दारात जाऊन मोबाईल नाचवला. ती म्हणाली, "त्या फोटोले काय कळते." हे म्हणाले, "फोटो खोटं नाई बोलत." त्यानंतर ललिताबाईचं आणि आमचं बोलणं बंद झालं. सासूबाई तेवढ्या खिडकीतून तिच्याशी बोलत राहिल्या.

पोळा झाला, धान पोटरीवर आला. भंडाऱ्याजवळच्या शहापूरला ह्यांच्या चुलतमामीच्या तेरवीचं जेवण होतं. संध्याकाळपर्यंत परत यायचं म्हणून आम्ही सकाळी मोटरसायकलवर निघालो. सासूबाईंसाठी भात आणि वरण झाकून ठेवलं. दार आतून लावून घ्यायला सांगितलं. आभाळ धुतल्यासारखं मोकळं होतं.

पाऊस आमच्याकडे नव्हताच. तो वर, मध्य प्रदेशात पडत होता. वरच्या धरणांची दारं उघडली, इकडे खालच्या धरणाने पाणी अडवलेलं, आणि मधल्या मधे नदी फुगली. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दुपारी जेवणं उरकून आम्ही महामार्गावरच्या चहाच्या टपरीवर उभे होतो, डोक्यावर चटका लावणारं ऊन होतं, आणि ह्यांचा फोन वाजला. मनाली होती. टपरीवर गोंगाट म्हणून ह्यांनी स्पीकर लावला.

"काकाजी, तुम्ही कुठे आहात?"

"काहून?"

"गावात पाणी येऊन राह्यलं. आम्ही शाळेत लोकांना गोळा करतो आहोत. आजी आमच्या यादीत नदीवर आहेत, पण ललिताबाई म्हणतात, त्या गावातल्या घरीच असतात. बोट एकच आहे, काकाजी. नदीकडे पाठवली तर परत यायला फार वेळ लागेल. खरं काय ते सांगा."

ह्यांनी फोन तोंडापासून लांब धरला. मी त्यांचा चेहरा बघत होते. बावीस वर्षांचा संसार आहे, त्या डोक्यात काय चाललं होतं ते मला छापील अक्षरासारखं वाचता येत होतं. आभाळात ढग नाही आणि म्हणे पूर. गावातल्या घरात आजोबांच्या काळापासून पाणी शिरलं नाही. ललिताबाई तिथे आहे, म्हणजे तिनेच चुगली केली. मोरीचा सूड. आणि ही पोरगी "खरं काय ते सांगा" म्हणते, म्हणजे बाजूला साहेब बसलेला आहे.

"नदीवरच रायते माय," हे म्हणाले. "ललिताबाईचं काय ऐकता. तिचं आमचं भांडण आहे."

"नक्की ना? आम्ही तुमच्या घरावरून एकदा गेलो. आवाज दिला, कोणी बोललं नाही."

"कसं बोलंल? घरी कोणी नाईच."

"ठीक आहे," पोरगी म्हणाली. "मग बोट नदीकडे पाठवते." फोन बंद झाला.

ह्यांनी चहाचा घोट घेतला आणि माझ्याकडे बघून डोळा बारीक केला. "पाह्यलं? पकडाले पाहत होती."

मी मात्र माझा कप खाली ठेवला. पकडायचं असेल तर पकडणारा असा धापा टाकत बोलत नाही. मागे लहान मुलं रडत होती, कुणीतरी ओरडत होतं, एवढ्या माणसांचं नाटक कोण करेल? मी माझा फोन काढला आणि ललिताबाईला लावला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. तिने पहिल्याच घंटीला उचलला.

"रिता, कुठी आहेस तू? म्हातारीले नेलं ना तुमी संग?"

"पाणी कुठवर आलं, ललिताबाई?"

"आपल्या गल्लीत कमरेच्या वर आहे. मी वावरात निंदाले गेली होती, घरी जाताच नाई आलं, तिथूनच शाळेत आणलं आमाले. गल्लीतल्या श्यामरावच्या घरची मागची भिंत पडली. तुमची पण मातीचीच आहे. म्हातारीले नेलं ना?"

मी फोन ठेवला. ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तिचं बोलणं तू खरं मानतेस?"

आयुष्यात मी नवऱ्यावर हात उचललेला नाही. त्या दिवशी शहापूरच्या टपरीवर, पंधरावीस माणसांसमोर, मी त्यांच्या हातातला चहाचा ग्लास उडवून दिला. "अजी, तुमची माय मरून राह्यली," मी म्हणाले. "अन् बोट तुमच्या वाकड्या चुलीकडे चालली."

मी ह्यांच्याच फोनवरून मनालीला लावला. लागेना. पुन्हा लावला. लागला तेव्हा माझ्या तोंडून सगळं एकदम बाहेर पडलं, की गोठा खोटा आहे, चूल खोटी आहे, तिथे कोणी राहत नाही, म्हातारी गावातल्या घरात आतून कडी लावून बसली आहे. पोरगी एक शब्द रागाचा बोलली नाही. तेच मला जास्त लागलं. ती म्हणाली, "थांबा," आणि दुसऱ्या फोनवर बोटीला परत बोलावू लागली. बोट अर्ध्या वाटेवर धारेत होती. तिला वळायलाही जागा लागत होती.

आम्ही थांबलो. तिथून निघूनही उपयोग नव्हता, करडीकडचा रस्ता बंद झाल्याचं टपरीवरच्या एकाने फोनवर बघून सांगितलं. तोच नकाशा. रस्त्यावर लाल रेघ होती. हे बाकावर बसून होते. तो माणूस मोबाईल पुढे करत होता आणि हे त्या रेघेकडे बघतच नव्हते. कधी काळी ज्यांनी माझ्या परत येण्याचाही जाब विचारला, त्या माणसाला आता कुणाला काय विचारावं ते सुचत नव्हतं. मला राग आलेला होता आणि त्यांची दयाही येत होती, आणि दोन्हीचं काय करावं ते कळत नव्हतं.

मनालीचा फोन आला. बोट दारात पोचली होती. बोटीवर देवाजी नावाचा माणूस होता, तिने त्याचा फोन आमच्याशी जोडून दिला.

"आवाज देतो, कोणी बोलत नाही," देवाजी म्हणाला. मागे पाण्याचा आवाज येत होता आणि दारावर काठी आपटल्याचा. "पाणी छातीला लागलं आहे. दार उघडत नाही. भिंत ओली झाली आहे, दार तोडलं तर भिंत अंगावर येईल. आत माणूस आहे हे पक्कं असलं तरच वरून छपराचे कवेलू काढतो. बाकीची घरं राहिली आहेत, भाऊ. आत कोणी आहे का नाही?"

"आहे," मी म्हणाले. "आवाज द्या ना जोरात."

"शकुबाई," तो ओरडला. "ओ शकुबाई, आत असाल तर बोला."

काही नाही. आणि तेव्हा मला ते कळलं. ह्यांनाही त्याच क्षणी कळलं असावं, कारण ते बाकावरून उठले. मोबाईलवाला माणूस दारात उभा होता आणि नाव घेऊन बोलावत होता. आवाज देजो नोको, असं लेकाने सांगितलं होतं. आणि म्हातारीने लेकाचा शब्द कधी मोडला नव्हता.

"ती नाई बोलणार," हे म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "भाऊ, फोन दाराजवळ धरा. खिडकी आहे बाजूले, तिच्यापाशी धरा."

टपरीवरची सगळी माणसं भोवती जमली होती. त्यात तेरवीला आलेले आमचे सोयरेही होते. ज्या माणसाने आपल्या घरातलं पीठ-मीठही कधी कुणाला कळू दिलं नाही, तो माणूस त्या सगळ्यांसमोर फोन तोंडाशी धरून बोलू लागला.

"माय, मी मधुकर. आवाज दे. मी खोटं सांगतलं होतं लोकाइले. तू घरीच रायतेस, आपल्याच घरी रायतेस. येगळी चूल नाई आपली. हे लोक चांगले आहेत माय. ते तुले न्याले आले. आवाज दे वो माय. मी सांगतो न, आवाज दे."

पाण्याचा आवाज येत राहिला. मला वाटलं, संपलं. ह्यांच्या हातातला फोन मी खालून माझ्या हाताने धरला.

मग आतून, फार लांबून आल्यासारखा, पण अगदी ठाम आवाज आला. म्हातारी एका दमात बोलली.

"मी इथं नाई रायत. मी नदीवर रायते. एकलीच रायते. माई चूल येगळी."

"आत आहे," देवाजी ओरडला. "चढा रे वर, कवेलू काढा."

सासूबाई धानाच्या कोठीवर चढून बसल्या होत्या. गुडघे गेलेली बाई तिथवर कशी चढली हे अजून त्यांनाही सांगता येत नाही. कवेलू काढून त्यांना वरून ओढून घेतलं. बोट शाळेकडे वळली आणि थोड्याच वेळात आमची नदीकडची भिंत आत पडली, नेमकी कोठीवर. हे देवाजीने आम्हाला नंतर सांगितलं, आणि हेही सांगितलं की बोटीत बसल्यावर म्हातारी त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही.

रस्ता दुसऱ्या दिवशी उघडला. शाळेच्या वर्गात बाकं बाजूला सारून सतरंज्या टाकल्या होत्या. दारातच मनाली भेटली. डोळे सुजलेले, चपला चिखलाने भरलेल्या. ह्यांनी तिच्यासमोर हात जोडले. ती म्हणाली, "काकाजी, आधी आजीला भेटा. खूण मी काल रात्रीच पुसली." त्या नकाशावर आता आमचा गोठा गोठाच आहे. मी नंतर बघितलं.

सासूबाई ललिताबाईच्या शेजारी, तिचंच लुगडं नेसून, भिंतीला टेकून बसल्या होत्या. हे त्यांच्या पायाशी जाऊन बसले. म्हातारीने आधी लेकाच्या तोंडावरून हात फिरवून तो खराच आहे ना ते पाहिलं. मग मनाली जवळ नाही याची खात्री करून त्याच्या कानाशी वाकली. तरी मला ऐकू आलंच, कारण त्यांना हळू बोलता येत नाही.

"मेले तुया आवाज काढत होते रे फोनातून. रडत पण होते तुयासारखे. पण मी फसली नाई," त्या म्हणाल्या. "बराबर सांगतलं ना मी?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी आईचे दोन्ही पाय धरले होते आणि मान खाली होती.

"हो माय," ते म्हणाले. "बराबर सांगतलं."